साहेब येणार म्हणून

पाहुणा येणार म्हटलं का बाई आधी झाडू हाती घेते. आता ह्याच्यात कोणाचं काय चुकलं, सांगा बरं?

नाल्याचा पूर आमच्या गटाच्या गिरणीत शिरला तो पार खिडकीच्या वर. दळण, मिरची कांडप, मोताळ्याच्या बाजारात तिखट-हळद विकणं, आमच्या प्रज्ञा महिला बचत गटाचं सारं त्या एका मोटरीवर चाले. बुलढाण्याच्या मिस्त्रीनं मोटर उघडून पाह्यली अन् म्हणे, भंगारात द्या, तशी ती देऊन टाकली. तलाठ्यानं घराचे पंचनामे केले, वावराचे केले. गिरणी कोणा एकाची नाही, म्हणून ती कशातच बसली नाही! गिरणीवर दळण दळून देणारी जनकाबाई माही चुलतसासू. नवरा गेल्यापासून तिचं पोट त्याच गिरणीवर. बंद गिरणीच्या उंबऱ्यावर ती रोज जाऊन बसे. मले पाहवे ना.

मग कळलं का पुरात बुडालेल्या गटायले पैसा देणारी एक संस्था हाय. अर्ज टाकला. फोन आला, सोमवारी साहेब जागा पाह्याले येते. जीवात जीव आला बाप्पा! दुसरं दार कोणतंच उरलं नव्हतं. हा पैसा नाही आला तर गट मोडला अन् जनकाबाई उघड्यावर पडली, हे साऱ्याच बायायले माहीत होतं.

तवापर्यंत गाळाले हात लावाची हिंमत नव्हती. आता साहेब येणार म्हटल्यावर अंगात वारं शिरलं. गाळ उपसून मागं टाकला, फरशी घासली, भिंतीले चुना लावला. गटातल्या पायलनं दारात रांगोळी काढली.

साहेब आले. राजकुमार सर, कवळंच पोरगं, बोलाले गरीब. आत पाहून दारातच थबकले.

"ताई, नुकसान कुठंय? पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

मी भिंतीकडं हात केला. भिंत पांढरीफट.

"चुना लावला ना सर," म्हटलं.

"पुराच्या वेळचा एखादा फोटो?"

"अवो, लेकरं घराच्या धाब्यावर चढवू का फोटो काढू?"

त्यायनं कपभर चहा घेतला अन् म्हणाले, "माझा विश्वास आहे, ताई. पण वर पाठवायला काहीतरी दिसलं पाहिजे. बघा काही मिळतं का. पुढच्या गावाहून दुपारी परत येतो."

जीप गेली. माह्या डोक्यात एकच गोष्ट बसली, दिसलं पाहिजे.

"चला वं," मी बायायले म्हटलं, "मागचा गाळ आणा. दिसलं पाहिजे ना त्यायले, दाखवू!"

"बह्याड झाली का तू?" रेणुका ओरडली. "काल तर घासून काढलं!"

"लाज धरू का गट वाचवू, सांग!"

गाळ सुकून राह्यला होता. पाणी टाकून कालवला अन् पांढऱ्या भिंतीवर फेकला. जनकाबाई उंबऱ्यावरून म्हणाली, "सुवर्णा, खरं हाय ते खोटं काऊन करून राह्यली?"

"आत्याबाई, तुमी गप बसा!" मी खेकसली.

ती उठली. मले वाटलं घरी चालली. तिनं ओंजळभर गाळ घेतला, खिडकीच्या वर हात पुरवून एक रेघ ओढली अन् म्हणे, "टाकूनच राह्यल्या तर खरं तेवढंच टाका. पाणी इथंवर होतं."

दुपारी राजकुमार सर आले ते हसतच. हातात फोन, तोंड फोनकडं.

"सुवर्णाताई, काम झालं! आमच्या वरच्या मॅडमना सांगितलं, या बाया मदतीची वाट न बघता जागा उभी करून बसल्यात. अशाच गटाला द्यायचं म्हणाल्या. व्हिडिओवर आहेत, आतून बघायचंय त्यांना."

"सर, थांबा! थांबा हो!"

कशाचे थांबतात. फोन समोर धरून ते सरळ आत गेले. भिंतीवरून गाळाचं पाणी गळून राह्यलं होतं.

फोनातून आवाज आला, "राजकुमार, हे तेच ठिकाण? मग सकाळी सांगितलंस ते खोटं की हे?"

सरनं माह्या हाताकडं पाह्यलं. कोपरापर्यंत चिखल.

"मॅडम, पूर खरा हाय," मी म्हटलं. "गाळबी तोच हाय. आमीच उपसला, आमीच लावला."

"म्हणजे चुना लावताय आम्हाला."

"तुमाले काऊन लावू हो? भिंतीले लावला! तुमच्या माणसासाठी लावला!"

फोन बंद झाला होता.

"ताई, मी फोटोच म्हणालो होतो," सर म्हणाले. त्यायचं तोंड पाहवत नव्हतं. "आता वर माझंही कोणी ऐकायचं नाही." गेले. मी मागून हाकबी मारली नाही. कोणत्या तोंडानं मारू? अशी आग लागली जीवाले, का सारा गाळ आपल्याच डोक्यात घालावा वाटला.

आत जनकाबाई भिंतीपाशी, आपण ओढलेल्या रेघेकडं पाहत उभी होती.

"सुवर्णा," ती म्हणाली, "पाणी खरंच इथंवर होतं ना वं? का मलेच तसं वाटते?"