पसाभर कोंड्यावर घेतलेलं पोर

माझ्या सासूबाई, दगडाबाई, यांना कुठं काय बोलू नये हे कुणी शिकवलंच नाही, आणि आता शिकवणं माझ्या बापाच्यानं होणार नाही. तरी त्या दिवशी पोलीस आयुक्तालयात जाताना रिक्षात मी त्यांना परत परत बजावलं. साहेबानं विचारलं तर एवढंच सांगायचं, हे आमचे भाडेकरू, माणसं चांगली, आमची काही तक्रार नाही. बास. त्या "व्हय व्हय" म्हणाल्या. त्यांचं व्हय व्हय मी लग्न झाल्यापासून ऐकतेय, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

भाडेकरू म्हणजे नबील आणि अरवा, नवरा-बायको, येमेनचे. फुलंब्रीकडचं आमचं शेत पाण्यावाचून पडीक राहायला लागलं तेव्हा आम्ही पडेगावात घर बांधलं आणि वरच्या दोन खोल्या त्यांना दिल्या. नबील इथं विद्यापीठात पीएचडी करत होता. ती संपली, व्हिसाची मुदत संपत आली, आणि तिकडं त्यांच्या गावात लढाई काही थांबेना. परत जायचं म्हणजे कुठं जायचं? अरवाचं पहिलं लेकरू तिथंच गेलं, दवाखाना बंद म्हणून. दुसरं इथं आल्यावर पोटातच गेलं. तिसरा झाला तेव्हा ती त्याच्याकडं नीट बघायचीसुद्धा नाही. बघितलं अन् गेला तर, म्हणायची.

सासूबाईंनी ते पाहिलं आणि बाराव्या दिवशी सूप घेऊन वर गेल्या. अरवाच्या ओंजळीत त्यांनी पसाभर कोंडा ओतला, पोर उचलून सुपात ठेवलं आणि म्हणाल्या, "हे आता माझं. मी इकत घेतलं. तू नुस्ती सांभाळायची. कुणी इचारलं, कुणाचं, तर माझं नाव सांगायचं." अरवाला वाटलं, बाई खरंच पोर न्यायला आली. तिनं असा हंबरडा फोडला की गल्ली गोळा झाली. मी तिला कवेत घेऊन समजावलं, अगं, आमच्याकडं पोरं जगत नसली की असं करतात, मरण दारात आलं तर त्याला पत्ता चुकवायचा असतो. नबील म्हणाला, आमच्याकडंही नजर लागते. मग अरवा डोळे पुसत हसली. पोराचं नाव सालिम, पण गल्लीभर तो कोंड्याच झाला.

त्यात त्या उन्हाळ्यात पाण्याचे हाल. नळाला आठवडा आठवडा पाणी नाही, शहर मात्र चारी बाजूंनी वाढत चाललेलं, जिथं ज्वारी होती तिथं प्लॉट. टँकर आला की आमच्या गल्लीत भांडणं. अन् तेवढ्यात बातम्या सुरू झाल्या की परदेशी लोकांसाठी सरकार नवा कायदा आणणार, घरमालकांनासुद्धा धरणार. माझा नवरा इंद्रजीत मोबाईलवरून डोकं वर न काढता म्हणाला, "त्यांना खोल्या खाली करायला सांगू. उगं लचांड नको." शेजारचे पुंजाराम काका म्हणाले, बरोबर आहे, आपल्यालाच पाणी पुरेना. सासूबाई भाकरी थापत होत्या. "माझं पोर घराबाहेर काढतो व्हय?" एवढंच म्हणाल्या. इंद्रजीत हसला. मला त्याचा राग आला, पण खरं सांगू का, भीती मलाही वाटतच होती.

नबीलनं मुदतवाढीचा अर्ज केला आणि घरमालकाला जबाबाला बोलावणं आलं. घर सासूबाईंच्या नावावर.

साहेब तरुण होता, इकडचा नव्हता, पण बोलायला सरळ. त्यानं विचारलं, "आजी, हे तुमचे कोण?"

"हे दोघं भाडेकरू," सासूबाई म्हणाल्या. मी मनात म्हटलं, वा. तेवढ्यात त्यांनी अरवाच्या मांडीवरच्या पोराकडं बोट दाखवलं. "हे पोर मात्र माझं. इकत घेतलंय."

साहेबाचा पेन थांबला. "किती दिलेत?"

"पसाभर कोंडा."

नबील पांढराफटक. साहेबानं दाराकडं बघून महिला शिपायाला हाक मारली, आणि मला पोलीस, कोर्ट, पोराची ताटातूट, सगळं एकदम दिसायला लागलं. मी मधे बोलायला गेले तर सासूबाईंनी मला हातानंच गप्प केलं.

"साहेब, मह्या आईची माझ्याआधीची सगळी लेकरं गेली. मी झाले तवा तिनं मला उकिरड्यावर ठेवलं अन् शेजारच्या साळूबाईनं उचललं, कोंडा देऊन. म्हणून तर दगडाबाई नाव. मरण इचारत आलं तर आईनं म्हणायचं, माझं नाय, तिचं हाय. मी जगले की."

"आजी, इथं मरण विचारत नाहीये. कायदा विचारतोय."

"तुमी इचारा की. पर तिकडं धाडलं तर कोण इचारणार हाय?"

साहेब अरवाकडं वळला आणि हिंदीत हळूच विचारलं, हा मुलगा कुणाचा. पोराला जन्म दिलेल्या बाईला सरकारी माणूस हे विचारत होता, आणि माझं म्हटलं तर मरणाला पत्ता लागेल, नाही म्हटलं तर सरकार नेईल, हे तिला कळत होतं. तिनं पोराला छातीशी घट्ट धरलं आणि सासूबाईंकडं बोट करून आमच्याच मराठीत म्हणाली, "आईचं हाय. मी नुस्ती सांभाळायलेय."

दारातली महिला शिपाई, वर्दीला पदर नाही म्हणून, तोंडाला रुमाल लावून उभी होती. ती पैठणकडची निघाली. "सर," म्हणाली, "आमच्यातही करतात. माझ्या मामाला घेतलेलं असं." साहेबानं दोन्ही हातांनी चेहरा चोळला. म्हणाला, मी शिफारस करतो, निर्णय वरचा. आणि नवा कायदा आला तर पुढचं मलाही माहीत नाही. सासूबाईंनी त्याला तोंडभरून आशीर्वाद दिला. माझ्या सासूचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. रिक्षात मी त्यांचा हात धरून बसले, त्यांनी मात्र मला विचारलं, भाजीला काय आहे.

मुदत वाढून मिळाली, एका वर्षाची. त्याच आठवड्यात टँकर आला. पाइप इंद्रजीतच्या हातात, मी हंडे लावत होते. पुंजाराम काकांनी वरच्या खोलीकडं बघितलं. "अजून गेले नाय का रे ते? पोर कुणाचं, अन् पाणी आपलं."

इंद्रजीतनं वर पाहिलं. अरवा कोंड्याला घेऊन कठड्याशी उभी होती. त्यानं पाइप अरवाच्या हंड्यात सोडला आणि म्हणाला, "माझा धाकटा भाऊ हाय, काका. आईनं घेतलाय."