फणसाला जामीन

“डोळा उघडते का वं?” रुखमाने विचारलं.

“नाही उघडत, आई,” रक्षा म्हणाली. डावा डोळा पार सुजून मिटला होता. काल संध्याकाळी भूपेंद्रने, तिच्या नवऱ्याने, ठोसा मारला होता. सून तशीच पाट्यावर मसाला वाटत होती आणि सासू पावशीवर फणस चिरत होती. हाताला तेल जरा कमी पडलं होतं, अन् फणसाचा चीक बोटांना असा धरतो की देवाचं नाव घ्या!

करडी गावातल्या या घराच्या परसात फणसाचं एकच झाड. लावल्यापासून नुसता पाला. म्हणून दर होळीला घरात एक रीत चाले. पुरुषाने कुऱ्हाड उगारून झाडाला दरडावायचं, “फळत नाही ना? तोडतोच तुले!” मग बाईने धावत मधे पडायचं, “मारू नका जी, मी जामीन! पुढच्या साली फळते.” आधी रुखमाचे यजमान मारोतराव दरडावायचे, ते गेल्यावर त्यांचा मुलगा भूपेंद्र. मधे पडणारी मात्र रुखमाच. मारोतरावांनी तिचा हात मोडला तेव्हा मधे कोणी पडलं नाही. हात वाकडाच जुळला. रुखमाची सासू चुलीपाशी बसून राहिली होती. आता रक्षाला मार बसायचा तेव्हा रुखमाही चुलीपाशीच बसायची.

यंदा झाड फळलं. बुंध्यालाच फणस लटकले. काल शेजारची कौशल्याबाई पाहायला आली आणि भूपेंद्रच्या तोंडावरच म्हणाली, “झाड फळलं बाप्पा, आता सून कधी फळते?” गेली आपली बोलून! मार कोणाला पडला, ते तिने विचारलंसुद्धा नाही.

दुपारी भूपेंद्र जेवायला बसला. भाजी अशी जमली होती की मटण मागे पडावं. त्याने एक घास खाल्ला आणि रक्षाकडे पाहिलं.

“झाडालेही लाज आली. तुले काहून नाही येत?”

रक्षा भात वाढायला वाकली, तसं त्याने ताट तिच्यावर भिरकावलं. कढत रस्सा गळ्यावरून उतरला. ती किंचाळली. झिंज्या धरून त्याने तिला परसात ओढलं, बुंध्यावर तिचं डोकं आपटलं आणि भिंतीला टेकवलेली कुऱ्हाड उचलली.

“फळत नाही ना? तोडतोच तुले!”

रुखमा धावली. आली ती थेट मधे, आणि दोन्ही हातांनी तिने कुऱ्हाडीचा दांडा धरला. भूपेंद्र सवयीने थबकला.

“म्हण ना,” तो धापा टाकत म्हणाला. “पुढच्या साली फळते म्हण.”

“नाही म्हणत! फळो का न फळो, हिले हात लावायचा नाही. मारतं तर मले मार. नाही तर नीघ माह्या घरातून!”

त्याने हिसका दिला. पातं तिच्या मनगटावर ओढलं गेलं, रक्त आलं. त्याने तिच्या पोटात लाथ घातली. रुखमा खाली बसली, पण दांडा सुटला नाही. शेवटी त्यानेच सोडला आणि शिव्या देत फाटकाबाहेर गेला.

“आई, सोडा आता,” रक्षा म्हणाली.

“सुटून नाही राहिली वं बोटं.”

चिकाने आणि रक्ताने मूठ आखडली होती. रक्षा घरातून तेलाची वाटी घेऊन आली. एका डोळ्याने पाहत, ती सासूचं एकेक बोट तेल लावून सोडवत बसली.