बिनचूक कालचा दिवस

इंग्रजी मी आयुष्यभर वाचलं, पण कुणाशी बोललो नाही. ग्रंथालयातली नोकरी त्या दृष्टीने सोयीची होती; तिथे गप्प बसण्याचाच पगार मिळायचा. त्यामुळे सूनबाई जेव्हा म्हणाली, "बाबा, मला इंग्रजीतला भूतकाळ शिकवा," तेव्हा मी आधीच कबूल करून टाकलं.

"अगं, मला तो नीट येतो की नाही, हे अजून कुणी तपासलेलं नाही."

"मग मी तपासते," ती म्हणाली.

ती एका हॉटेलात खोल्या आवरते. दुपारी जाते, घर झोपल्यावर परतते. मुलगा कारखान्यात जायला पहाटे उठतो. एकमेकांना जागं बघायला दोघांना सुट्टीची वाट पाहावी लागते. आता सकाळच्या पाळीला मजल्यावर सुपरवायझरची जागा निघाली होती. ती मिळाली, तर नवराबायको संध्याकाळी एका पंगतीला बसणार होती. आडवी आली होती ती मुलाखत. तिथल्या मॅनेजरबाई प्रत्येकीला एकच गोष्ट विचारतात: काल काय काय केलंत ते इंग्रजीत सांगा. सुपरवायझरला रोज पाळी संपताना नेमकं हेच सांगावं लागतं.

आम्ही सकाळी, ती इस्त्री करताना, शिकायला बसायचो. म्हणजे मी बसायचो.

"क्रियापदाच्या शेवटी 'ईडी' लावायचं," मी म्हणालो. "क्लीन, क्लीन्ड. वॉश, वॉश्ड. मी असो, तू असो, ते असोत, रूप तेच. आपल्यासारखं गेला, गेली, गेले असं काही नाही."

"बरंय की! चादरीचं टोक गादीखाली खोचल्यासारखं. खोचलं की ती खोली झाली, पुढच्या खोलीत चला."

मी व्याकरणाची पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. त्यांपैकी एकातही गादी नव्हती.

'गो'चं 'वेंट' आलं, तेव्हा इस्त्री थांबली. "हे कुठून उपटलं?"

"ते तसंच आहे."

"तसंच म्हणजे?"

"म्हणजे मलाही माहीत नाही. अशी बरीच आहेत. पाठच करायची."

"आमच्याकडेही काही जुन्या खोल्यांना बाकी सगळ्यांना चालणारी चावी लागत नाही. पण त्या चारच आहेत हो. तुमच्या किती?"

"दीडेकशे असतील."

"अगंबाई!"

'डिड' मात्र तिला लगेच पटला. नकारात आणि प्रश्नात भूतकाळाचं ओझं 'डिड' उचलतो, म्हणून पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं: 'आय डिड नॉट गो', 'वेंट' नाही. "ट्रॉलीवर गठ्ठा टाकला की हात मोकळे," ती म्हणाली.

आतून आमची ही ओरडायची, "कालचं उगाळून झालं असेल, तर आजची भाजी कोण आणणार?"

मुलाखत जवळ आली तसा माझा धीर सुटत गेला. सूनबाईच्या तोंडात 'ब्रेक्ड', 'रन्ड', 'टेक्ड' घट्ट बसले होते. मी सुधारायचो, ती मान डोलवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नापास झाली तर शिकवणारा कच्चा ठरणार, हेही मनात होतंच. खोटं कशाला बोलू? शेवटी मी एक युक्ती काढली. तिच्यासाठी कालचा एक दिवस रचला. त्यात फक्त 'ईडी'वाली क्रियापदं. त्या दिवशी तिने खोल्या आवरल्या, आरसे पुसले, टॉवेल मोजले, एका पाहुण्याला मदत केली. ती कुठे गेली नाही, तिला काही सापडलं नाही, कशाची मोडतोड झाली नाही. कारण त्या सगळ्यांना वेगळ्या चाव्या लागल्या असत्या.

तिने तो दिवस घडाघडा पाठ केला. आमची ही म्हणाली, "काय बाई निरोगी दिवस आहे! साधी शिंकसुद्धा नाही कुणाची."

मुलाखतीच्या दिवशी सूनबाईला सुट्टी होती. सकाळी मी उठलो, तर तिचे कामावरचे बूट खिडकीत वाळत होते. चहा घेता घेता तिने सांगितलं. काल तिसऱ्या मजल्यावर पाण्याचा पाइप फुटला. पाणी एका म्हाताऱ्या पाहुणीच्या खोलीत शिरलं. बाईंना चालता येईना. सूनबाईने धावत जाऊन कॉक बंद केला, मग बाईंना चादरींच्या ट्रॉलीवर बसवून बाहेर काढलं.

"आणि बाबा, त्या काय म्हणाल्या माहितीये? 'जरा हळू, मी राणी आहे, गाठोडं नाही!'" ती खो खो हसली. मग गंभीर झाली. "हेच सांगू का आज?"

फुटला, धावली, बाहेर काढलं, म्हणाल्या. माझ्या डोळ्यांपुढे एकेक कुलूप उभं राहिलं. अजून तासभर होता. ती चार रूपं घोकून घेता आली असती. मी म्हणालो, "नको. पाठ केलंय तेच म्हण."

"पण ते घडलेलंच नाही."

"चूक तर नाही ना त्यात?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि कप विसळायला गेली.

ती गेल्यावर मी पुस्तक उघडून बसलो. बऱ्याच वेळाने ही म्हणाली, "पान उलटा. कागदाला भोक पडेल."

सूनबाई आली ती थेट स्वयंपाकघरात. पाणी प्यायली आणि हिच्याशेजारी पाटावर बसली.

"सुरुवात तुमचीच केली, बाबा. आय क्लीन्ड, आय वॉश्ड. मॅनेजरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, 'अँड द वॉटर?' काल त्यांचेही पाय भिजले होते."

मी विचारलं, "मग?"

"मग काय! सांगितलं सगळं. पाइप ब्रेक्ड. आय रन्ड. त्यांनी विचारलं, प्लंबरला का नाही बोलावलंस? मी म्हटलं, 'आय कॉल्ड. ही डिड नॉट कम. आय डिड नॉट वेट.'"

"हे बरोबर आहे!" मी ओरडलोच. "तिन्ही वाक्यं!"

"हो का? मला कुठे कळत होतं तेव्हा? त्या राणीवर तर बाई एवढ्या हसल्या, की चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, सकाळपासून सगळ्यांचे दिवस ऐकले, कुणाच्याच दिवसात पाणी नव्हतं. सोमवारपासून महिनाभर सकाळच्या पाळीत बघते तुला. पण तेवढ्या वेळात बोलणं सुधार. आणि ज्यांनी शिकवलं, त्यांना म्हणावं, राहिलेलं शिकवा."

ही उठली. म्हणाली, "सोमवारपासून दोघांचं एकदम वाढायचं म्हणजे मोठी कढई काढायला हवी," आणि माळ्याकडे बघत पदराने डोळे पुसले.

सूनबाईने पाट माझ्याकडे सरकवला. "चला, ब्रेक."

"ब्रोक."

"रन."

"रॅन."

"आता तुमची पाळी. मी विचारते. बाबा, व्हॉट डिड यू डू धिस मॉर्निंग?"

मला वाटलं होतं, मी नेहमीसारखं 'आय रेड' म्हणेन. तेच खरंही होतं, निदान पुस्तक तरी हातात होतं. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"आय... आय वॉज अफ्रेड."

"काय म्हणाले गं?" माळ्याखाली स्टूलवर चढत हिने विचारलं.

"काही नाही, आई," सूनबाई म्हणाली. "बरोबर बोलले." आणि स्टूल धरायला उठली.