पंचवीस अंशांनी मागे

चिमूटभर म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न काटेबाईंनी सकाळी नऊ वाजताच निकालात काढला. वीस वेळा चिमटीने मीठ उचलून त्यांनी छोट्या तराजूत टाकलं, एकूण वजनाला विसाने भागलं आणि वहीच्या समासात पेन्सिलीने आकडा लिहिला. मूठभर अक्रोडांपाशी मात्र गाडी अडली. पाककृतींची वही नवऱ्याची, तेव्हा मूठही त्याचीच धरायला हवी. त्याची एक मूठ म्हणजे आपल्या दोन, असं त्यांनी अंदाजाने ठरवलं आणि अंदाज केल्याबद्दल स्वतःवरच जरा चिडल्या.

चौतीस वर्षं त्या वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होत्या. तराजू, मापं, थर्मामीटर, जे समोर येईल ते तपासायचं आणि बरोबर निघालं तर जुळवणीच्या स्क्रूवर लाल लाखेचा थेंब द्यायचा. थेंब पडला की त्या स्क्रूला पुन्हा कोणी हात लावायचा नाही. काटेबाई हे नाव दुकानदारांनी पाडलेलं. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. स्वयंपाकघर मात्र नवऱ्याचं. तो शाळेत चित्रकला शिकवायचा आणि दुपारीच घरी यायचा. लेकीला लहानपणापासून कुठलंच धान्य पचत नसे आणि डॉक्टरांनी साखरही बंद केलेली. मग त्यानेच बदामाची पूड, केळी आणि खजूर घेऊन तिच्यासाठी एक पाव बसवला. यीस्ट नाही, फुगायची वाट बघणं नाही. कालवायचा, साच्यात ओतायचा आणि ओव्हनमध्ये सारायचा. रविवारी चार वाजता तो कापला जायचा. लग्न होऊन वेगळी राहायला लागल्यावरही लेक त्यासाठी यायची आणि संध्याकाळपर्यंत हलायची नाही.

नवरा जाऊन आठ महिने झाले होते. लेक अजूनही रविवारी यायची, पण स्वतःचा डबा घेऊन. पायातल्या चपला न काढता खुर्चीच्या कडेवर बसायची, औषधं घेतेस ना विचारायची आणि अर्ध्या तासात निघायची. काल फोनवर म्हणाली, "आई, तू माझ्यासाठी काही करत बसू नकोस. मी माझं घेऊन येते." बोलणं प्रेमाचंच होतं, पण काटेबाईंना ते लागलं. पाहुणीसुद्धा निदान चहाला थांबते. आज हा पाव जमला नाही तर लेक अशीच कडेवर बसत राहील आणि एक दिवस तेवढंही बसणार नाही, ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

कामाला लागण्याआधी उपकरण तपासायचं, ही हाडीमाशी खिळलेली सवय. ओव्हनचा नॉब एकशे ऐंशीवर ठेवून त्यांनी आत आपला जुना थर्मामीटर ठेवला. वीस मिनिटांनी पाहिलं तर एकशे पंचावन्न. पुन्हा पाहिलं, तेच. काटेबाईंचा पारा ओव्हनपेक्षा वर गेला. सगळ्या बाजाराचे काटे सरळ केले आणि आपल्याच घरात हा वीस वर्षं थापा मारतोय! नॉब उपटून त्यांनी मागचा बारीक स्क्रू दहा मिनिटांत जुळवला. लाल लाख घरात असती तर थेंबही दिला असता.

मग वहीबरहुकूम सगळं झालं. तीन केळी, 'सालीवर काळे ठिपके आल्याशिवाय हात लावू नये.' आठ खजूर भिजवून वाटलेले, चार अंडी, बदामाची पूड, अर्धा चमचा सोडा, लिंबू, मीठ, अक्रोड. एकशे ऐंशीवर पन्नास मिनिटं.

पाव वरून काळा ठिक्कर झाला होता. सुरी घातली तर आत चिखल.

काटेबाईंनी चरफडण्याऐवजी चौकशी आरंभली. थर्मामीटर पुन्हा ठेवला, बरोबर. घड्याळ बरोबर, वजनं बरोबर. सगळं बरोबर असून पाव चुकला कसा? राहिली वही. त्यांनी पान उलटलं. मागच्या बाजूला नवऱ्याच्या बारीक, तिरप्या अक्षरात ओळीने लिहिलेलं होतं. एकशे साठ, कच्चा. एकशे सत्तर, मध्ये ओला. एकशे पंचाहत्तर, बरा. एकशे ऐंशी, जमला, लेकीने दोन काप खाल्ले. म्हणजे एकेक रविवार घालवून त्याने हा आकडा शोधला होता, तोही खोट्या ओव्हनवर. त्याला हे कळलं असेल का? काटेबाईंनी वही पुढून मागून चाळली. पहिल्या पुठ्ठ्याच्या आत हिरव्या पेन्सिलीने एकच ओळ होती:

'ओव्हन पंचवीसने मागे आहे. हिला सांगायचं नाही, दुरुस्त करत बसेल.'

त्यांना आधी हसू आलं आणि पाठोपाठ रडू. रडून झाल्यावर त्या विचार करू लागल्या. प्रत्येक पानावर पंचवीस कमी करून लिहिता आलं असतं. पण मग अक्षर त्याचं आणि आकडे आपले, असं झालं असतं. त्यांनी नॉब काढला आणि स्क्रू होता तिथे नेऊन ठेवला.

नमुना नेहमी दोन प्रतींत घ्यायचा, या खात्याच्या शिस्तीने केळी सहा आणलेली होती. दुसरा पाव दोनच्या सुमारास निघाला.

लेक चार वाजता आली ती पावाच्या वासाने दारातच थबकली. हातातला डबा तसाच टेबलावर ठेवून तिने न विचारता एक काप उचलला. बराच वेळ चावत राहिली. काटेबाई निकालाची वाट बघत उभ्या होत्या.

"मीठ कमी आहे," लेक म्हणाली. "बाबांचा जरा खारट लागायचा."

चिमूटही त्याचीच धरायला हवी होती. काटेबाईंनी समासातला आकडा खोडून दुप्पट केला. मग वहीचा पुठ्ठा उघडून लेकीपुढे सरकवला. लेकीने ती ओळ वाचली, हसली आणि ओढणीने डोळे पुसत राहिली.

"आणि तू दुरुस्त करत बसलीस?"

"बसले. मग परत बिघडवला."

"अगं, पण तो चुकीचा दाखवतोय हे कळूनही तू तसाच ठेवणार?"

"ठेवणार," काटेबाई म्हणाल्या. "तुझ्या पर्समध्ये लाल नेलपॉलिश असतं ना? दे."

त्यांनी चष्मा लावला, नॉब काढला आणि स्क्रूच्या डोक्यावर ब्रशने एक थेंब दिला. सगळ्या नोकरीत चुकीच्या उपकरणावर त्यांनी कधी थेंब दिला नव्हता. वाळेपर्यंत हात लावू नकोस, असं त्यांनी लेकीला बजावलं.

लेकीने चपला काढून दाराशी ठेवल्या, खुर्ची पुढे ओढली आणि दुसरा काप घेतला.