नवसाचं मुंडण

इंदरलालला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. सख्खा साळा बाजारात समोर आला तरी हा "राम राम पाटील" म्हणून पुढे निघायचा. चाल, आवाज, पागोटं यांवरून तो माणूस ओळखे आणि चुकलं की हसण्यावारी नेई. गावाने त्याला गर्विष्ठ ठरवून टाकलं होतं. गावाचं काय जातं!

स्वराज्याच्या साली जन्मलेला त्याचा मनिराम पाच वर्षांचा झाला तरी बोलेना, नावाला ओ देईना, आईच्याही तोंडाकडे बघेना. "बापावरच गेला," त्याची बायको गुणवंता चिडून म्हणायची. शेवटी तिनेच देवीला नवस बोलला: बापलेक दोघेही केस देतील, पोराला वाचा फुटू दे. ती बाळंतीण, म्हणून इंदरलाल एकटाच पोराला गाडीत घालून सालेकशाकडच्या जत्रेला गेला.

वस्तरा पाहून पोराने आकांत मांडला आणि मुंडण उरकताच रडून रडून झोपलं. न्हाव्याच्या बायकोने हळद फासून त्याला झाडाखाली पोत्यावर निजवलं. मग इंदरलाल बसला. डोकं गेलं, मिशी गेली. उठून बघतो तर पोत्यावर तीन पोरं. तिन्ही उघडी, तुळतुळीत, पिवळीधम्मक, गाढ झोपलेली. झोपलेल्याला ना चाल, ना आवाज.

"उचल ना बापू आपला," न्हावी म्हणाला. "काऊन पाहून राहिला?"

"झोपू दे जरासा," इंदरलाल म्हणाला.

आपलं पोर ओळखू येत नाही, हे सांगायचं तरी कुणाला? एक बाई दुरूनच हात पुढे करत आली, आपला घेऊन गेली. एका म्हाताऱ्याने गप्पा मारता मारता दुसरा खांद्यावर टाकला. उरला तो आपला, म्हणून इंदरलालने उचलला. इतकी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती.

गाडी निघाली तसा मनिराम जागा झाला, डोळ्यांपुढे बोटं नाचवू लागला. आपलाच तो! इंदरलालचा जीव भांड्यात पडला. मग पोराने सवयीने बापाच्या मिशीला हात घातला. मिशी नव्हती. ते किंचाळलं आणि गाडीबाहेर झेपावलं.

"मीच आहो ना रे. बाप आहो."

त्याने डोक्याला दुपट्टा गुंडाळला. मिशी कुठून आणणार? पोराचा राग त्याला आला नाही. ती भीती त्याच्याइतकी कुणाला ठाऊक होती! पण घालवायची कशी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. धरलं की पोर जास्त ओरडे, सोडलं तर चाकाखाली जाई. बैलांना घरची वाट ठाऊक होती; त्याने कासरा सोडून पोराला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं आणि परक्याने धरावं तसं ते घर येईस्तोवर ओरडत राहिलं.