मोम्बासाचा दादा

१९८४च्या फेब्रुवारीत आप्पा शिवलकरांना मोम्बासाहून पत्र आलं. पत्र इंग्रजीत असल्यामुळे ते माझ्याकडे आलं. मी त्यांच्या भाट्याच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेऊन राहत होते आणि रत्नागिरीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. आप्पांच्या मते रसायनशास्त्र आणि इंग्रजी एकच.

पत्र अकरा ओळींचं होतं. खाली सही एस. बी. शिवलकर. मी ते आप्पांना मराठीत लिहून दिलं: "आमचे वडील भागोजी यांच्या घराविषयी बोलण्यासाठी माझा दादा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येत आहे. मी सगळे अधिकार दादाला दिले आहेत. त्याला वडिलांचं घर स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे. तो कडक आहे, पण मनाने चांगला आहे."

पत्रातल्या 'पॉवर ऑफ ॲटर्नी' या शब्दांसाठी मी कोश उघडला होता. आणखी दोन शब्दांची खात्री करून घेतली होती. इंग्रजी पत्रात 'दादा' जसाच्या तसा लिहिलेला होता. तो आपलाच शब्द, त्यासाठी कोश कोण उघडणार? चूक तिथेच झाली, आणि ती माझी होती.

भागोजी म्हणजे आप्पांचे थोरले चुलते. गलबतावरचे सुतार. सन चोवीसला ते मोम्बासाला गेले, तिथेच त्यांनी लग्न केलं आणि तिथेच वारले. इकडे सातबारावर मात्र ते अजून नांदत होते. घराचा आणि चौदा हापूस कलमांचा निम्मा हिस्सा त्यांच्या नावावर होता. साठ वर्षं आप्पांच्या घराने पूर्ण घर वापरलं आणि चौदाही कलमांचे आंबे उतरवले. आता तो निम्मा हिस्सा हातचा जाणार, असं आप्पांनी धरूनच ठेवलं. जेवताना ते आढ्याकडे बघत आणि मनातल्या मनात घराचे दोन भाग करत.

"काय लिवलान त्याने, परत वाचा," असं ते मला आठ दिवस रोज सांगत. "कडक म्हणजे किती कडक, ते नाय लिवलान?"

त्यांचा पुतण्या केरू गिरणीच्या संपापासून गावीच होता. परळला पंधरा वर्षं काढल्यामुळे दादा म्हणजे काय हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. दादा एकटा येत नसतो, मागे चार पोरं असतात, आधी हसून बोलतो आणि मग घर खाली करून घेतो, असं त्याने काकांना समजावलं. सगळे अधिकार दिले आहेत याचा अर्थही त्याने समजावला. मग मुंबईहून आपलाही एक दादा आणून ठेवावा, अशी सूचना केली. आप्पांनी ती नाकारली, कारण आणलेला दादा परत कसा पाठवायचा हे केरूला सांगता येईना.

शेजारी ओक गुरुजी राहत. संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांचं म्हणणं, घाबरायचं कारणच नाही. दादा हा शब्द मुळात 'तात' यापासून आलेला. आफ्रिकेत तो अजून टिकून आहे, म्हणजे संस्कारही टिकून असणार. थोरला भाऊ धाकट्याच्या घासातला घास काढत नाही, उलट देतो. आप्पांना ही व्युत्पत्ती फार आवडली. त्यांनी दोन-तीनदा ती म्हणवून घेतली. तरीही वकिलाकडे जाऊन हक्कसोडपत्राचा मसुदा त्यांनी करून आणलाच: 'मी लिहून देणार, सदर मिळकतीतील माझा व माझ्या भावाचा संपूर्ण हिस्सा राजीखुशीने सोडत आहे.' दादाचं नाव माहीत नसल्यामुळे तिथे जागा कोरी सोडली होती.

दादासाठी धोतरजोडी आणि टोपी आणली गेली. पडवीतली खाट ओढून पाहिली गेली, कारण आफ्रिकेतला माणूस वजनदार असणार. आप्पांची बायको काशीवहिनी हे सगळं उभ्याने बघत होत्या. एकदाच त्या म्हणाल्या, "पाहुणा येतोय की म्हैस?"

तारेने कळलं होतं त्याप्रमाणे एप्रिलच्या सव्वीस तारखेला आम्ही एस.टी. स्टँडवर गेलो. आप्पा हार घेऊन, मी दुभाषी म्हणून, केरू संरक्षण म्हणून. मुंबईची गाडी आली, माणसं उतरली. आम्ही धिप्पाड पुरुष शोधत होतो. सगळ्यात शेवटी एक सावळ्या रंगाच्या, कुरळ्या पिकल्या केसांच्या बाई उतरल्या. फुलाफुलांचा झगा, पायात कॅनव्हासचे बूट, हातात एकच पेटी. त्यांनी सगळीकडे नजर टाकली आणि थेट आप्पांसमोर येऊन उभ्या राहिल्या. भागोजींचा फोटो मी पाहिलेला होता. नाक तेच होतं.

"मी दादा," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईंना विचारलं. त्यांच्या स्वाहिली भाषेत दादा म्हणजे बहीण, असं त्यांनी सांगितलं. मग पत्रात 'तो' कसा? त्या हसल्या. स्वाहिलीत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे, त्यामुळे त्यांचा भाऊ इंग्रजी लिहिताना कोणालाही काहीही करतो. एकदा त्याने साहेबाच्या बायकोला शुभेच्छा पाठवताना तिला दाढीवाल्यांत बसवलं होतं. त्यांचं नाव आशा. हे नाव वडिलांनी मराठी म्हणून ठेवलं आणि आईच्या माहेरच्यांनी आयेशाचं स्वाहिली रूप म्हणून मान्य केलं. नावावरून घरात कधी भांडण झालं नाही.

आप्पांच्या हातातला हार हवेतच राहिला होता. आशाबाईंनी तो स्वतःच गळ्यात घालून घेतला आणि म्हणाल्या, "काका."

आप्पांचा चेहरा असा उजळला की केरूसुद्धा सैल झाला. रिक्षात ते माझ्या कानाशी सांगत राहिले: काका म्हणाली. म्हणजे पुतणी झाली. मला बापाच्या जागी मानलंन. आता बापाने सांगितलं तर सही नाय करणार असं कोणती पोर म्हणेल?

रात्री जेवताना मी आशाबाईंना सहज विचारलं. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ.

हे सांगायला मी आप्पांकडे गेले तेव्हा ते खट्टू होतील असं मला वाटलं होतं. ते क्षणभर झाले. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "भाऊ? मग तर अजून बरं. पुतणीचं काय सांगता येत नाय. बहीण भावासाठी हिस्सा सोडते. रीतच आहे ती."

ओक गुरुजींना दुसऱ्या दिवशी मी दादाचा तिकडचा अर्थ सांगितला. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे त्यांनी घेताना चूक केली." मी म्हटलं, कोणी कोणाकडून घेतलेला नसेल. तान्ह्या मुलाला जे पहिले आवाज काढता येतात त्यांतला 'दा' एक आहे. ते 'दादा' म्हणतं आणि जवळ जो दिसेल त्याच्या नावावर घरचे तो शब्द चढवतात. इथे थोरल्या भावाच्या नावावर चढला, तिथे बहिणीच्या. गुरुजींना हे पटलं नाही. संस्कृतच्या जागी तान्हं मूल बसवणं त्यांना अपमानाचं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर सतरंजी पसरली गेली. वकिलाचा कारकून शाईची पॅड घेऊन आला. आशाबाईंना सही येत होती, त्या मोम्बासात पस्तीस वर्षं परिचारिका होत्या. पण हक्कसोड म्हटला की अंगठा, अशी कारकुनाची सवय. धोतरजोडीच्या जागी काशीवहिनींनी ठेवलेली साडी होती.

आप्पांनी मला बाजूला घेतलं. "बाई, घरातला कागद आहे एवढंच सांगा तिला. भावाबहिणीत नको त्या शब्दांचा काथ्याकूट कशाला?" मग म्हणाले, "तुमच्या खोलीचं पण बघायचं आहे एकदा. केरूचं लग्न काढायचं म्हणतोय."

खोली मला हवी होती. कॉलेज सायकलवरून वीस मिनिटांवर होतं. पण एका पत्रात मी एक शब्द न तपासता पुढे पाठवला होता, आणि त्यानंतर दुसऱ्यांदा तसं करणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी आशाबाईंच्या शेजारी बसले आणि तो कागद ओळीओळीने इंग्रजीत सांगितला. 'राजीखुशीने' पाशी आल्यावर त्यांनी मला थांबवून तो शब्द पुन्हा समजावून घेतला.

सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे बहिणी अशी सही करतात?"

मी म्हटलं, करतात.

"सगळ्या?"

दारात काशीवहिनी उभ्या होत्या. प्रश्न इंग्रजीत होता, तरी मान त्यांनीच हलवली.

"आणि हे मला सारखं दादा, दादा म्हणतात. तुमच्या भाषेत त्याचा अर्थ काय?"

थोरला भाऊ, मी सांगितलं. घरात त्याचा शब्द शेवटचा.

"वय काय यांचं?"

चोपन्न.

"मी छप्पन्न." त्यांनी सहीसाठी काढलेल्या पेनाला टोपण लावलं. मग आप्पांकडे वळून, ऐकून शिकलेल्या मराठीत सावकाश, त्यांना कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "काका. मी दादा. सही नाही."

या वाक्याचं भाषांतर मला करावं लागलं नाही.

आप्पांनी बराच वेळ युक्तिवाद केला. ती बहीण आहे, दादा हा शब्द तिकडचा. मग म्हणाले, शब्द इकडचा आहे, पण ती बाई आहे. दोन्ही भाषांत मिळून त्यांना सोयीचं एक नातं सापडेना. केरू म्हणाला, "मी आधीच बोललो होतो, दादा आहे म्हणून." त्याला ओटीवरून उठवण्यात आलं.

आशाबाई आंबे संपेपर्यंत राहिल्या. तलाठ्याकडे जाऊन त्यांनी भागोजींच्या जागी स्वतःचं आणि भावाचं नाव लावण्याचा अर्ज दिला. घर त्यांनी मधोमध चालून पाहिलं, पावलं मोजली आणि सांगितलं की पुढची खोली त्यांच्या निम्म्यात येते, तेव्हा भाडेकरू राहू दे. कलमांवर त्यांनी काहीच म्हटलं नाही. फक्त आप्पा आंबे उतरवायला निघाले की त्या खाली उभ्या राहत. साडी त्यांनी घेतली. सहीसाठी होती हे माहीत असूनही घेतली, आणि बूट घालूनच नेसली.

त्या गेल्या त्या दुपारी काशीवहिनी माझ्या खोलीत आल्या. पदराखाली एक घडीचा कागद होता, घड्यांवर फाटायला आलेला. तो त्यांच्या संगमेश्वराकडच्या माहेरचा. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांच्या भावाने ओटीवर सतरंजी पसरून त्यांचा अंगठा घेतला होता.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्यात काय लिवलंय ते ओळीओळीने सांगा. तिला सांगितलंत तसं."

कागद मराठीत होता. तरी सांगायला तासभर लागला.