नानांचं बॉम्बर

"काकू, हे बॉम्बरच आहे," सत्यजीत म्हणाला आणि चारुदत्तांना चहाचा ठसका लागला.

शोभाताईंनी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. विचुंब्याच्या त्या दोन खोल्यांत विमानातलं काहीही विचारायचं ते चारुदत्तांना, असा लग्नापासूनचा रिवाज होता. सांताक्रूझच्या हँगरमध्ये विमानांच्या पत्र्याचं काम करण्यात त्यांची हयात गेली होती. आणि हा वरच्या मजल्यावरचा कॉम्प्युटरवाला पोरगा! नवा विमानतळ सुरू झाल्यापासून गच्चीत कॅमेरा लावून बसतो, एवढीच त्याची विद्या. पण शोभाताईंनी सकाळी ट्रंकेतून फोटो काढला तो थेट त्याच्यापुढे ठेवला. सोबत नारळाच्या वड्याही. चारुदत्तांच्या बशीत मारी बिस्किटं होती.

फोटोत शोभाताईंचे वडील, नाना, हाफपँटीत उभे होते. मागे चार इंजिनांचं अजस्र विमान. नाना पुण्याला एअर फोर्समध्ये मेकॅनिक होते आणि "हे आमचं बॉम्बर" असं आल्यागेल्याला सांगत. एक्क्याऐंशी साली शोभाच्या लग्नात त्यांनी तो फोटो भिंतीवरून उतरवून मांडवात फिरवला. तेव्हा नव्या जावयाने खिडक्यांवर बोट ठेवून विचारलं होतं, "बॉम्बरला पडदे कशाला हो? आतल्या बॉम्बला ऊन लागतं की काय?" सगळा मांडव हसला. नानाही हसले. पण फोटो परत भिंतीवर गेला नाही आणि नानांनी विमानाचं नाव काढणंच सोडलं.

"पडदे आहेत रे त्याला," शोभाताई म्हणाल्या. "त्यावरूनच तर सगळे हसले होते."

"पडदे नंतरचे, काकू. महायुद्ध संपल्यावर अशी बॉम्बर उरली. त्यातल्या काहींत खुर्च्या टाकून ऑफिसरांना न्यायला वापरायचे. बघा, खिडक्यांमधलं अंतर सारखं नाही, मागाहून कापल्यात. आणि शेपटाच्या टोकाला हे पत्र्याचं टोपण. तिथे मशीनगनवाला बसायचा. लिबरेटर जातीचं बॉम्बर आहे हे. नाना बरोबर सांगत होते."

शोभाताईंचे डोळे भरले. त्यांनी सत्यजीतच्या डोक्यावरून हात फिरवला. "मोठा हुशार आहेस रे बाळा."

झालं. चारुदत्तांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नानंतर दर दोन वाक्यांआड 'आमचे नाना' ऐकून ते जसे जळायचे, तसेच आत्ता जळत होते. तेव्हा म्हातारा होता, आता पोरगा.

"त्यात कसली हुशारी?" ते कडाडले. "हा मला शिकवणार? बॉम्ब टाकायची पोटाची दारं रिवेट मारून बंद केलीत, ते दिसलं का याला? आमच्या फोरमननी सगळं समजावलं होतं मला. ब्याऐंशी सालापासून माहीत आहे मला हे!"

बोलून झालं आणि मग आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं.

"ब्याऐंशी," शोभाताई सावकाश म्हणाल्या. "नाना अठ्ठ्याण्णवला गेले."

"अगं, सांगायचं राहून गेलं."

"सोळा वर्षं? दर दिवाळीला यायचे ते. तुमच्या शेजारी बसून जेवायचे."

"तू सारखं त्यांचंच कौतुक करायचीस," चारुदत्त म्हणाले. सत्तरी उलटलेल्या माणसाच्या तोंडी ते वाक्य फार केविलवाणं वाटलं. "माझ्याकडे कधी तसं बघितलंस?"

शोभाताई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदराने डोळे पुसले, खुर्ची सत्यजीतच्या जवळ ओढली आणि फोटो उजेडात धरला.

"बाळा, तू सांग. परत, पहिल्यापासून."

सत्यजीत अवघडला, पण सांगू लागला. बोलण्याच्या भरात दोन ठिकाणी चक्क चुकला. इंजिनांची ताकद भलतीच सांगितली आणि पंखांतल्या पेट्रोलच्या टाक्या शेपटात नेऊन ठेवल्या. शोभाताई मान हलवत ऐकत होत्या. बरोबर उत्तर चारुदत्तांच्या अगदी जिभेवर आलं होतं. त्यांनी एकही चूक सुधारली नाही.